गळकी तोटी कोणाची?

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो ऐकून आपण कदाचित हसाल. जगापुढे एवढे मोठमोठे प्रश्न उभे असताना हा गृहस्थ आकाशवाणीवर येऊन गळक्या तोटीविषयी बोलतो, असे आपल्या मनात येईल. पण मी आपणांस एकच विनंती करतो. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरमालकाचे आणि बिऱ्हाडकरूचे कायमचे वैर झाले असेल, तर त्याचा आरंभ कोठून झाला हे जरा आठवून पाहा. भाडे किती, यावरून पहिल्या वर्षी सहसा भांडण होत नाही. तो आकडा पहिल्याच दिवशी ठरलेला असतो. भांडण होते ते तोटीवरून, दाराच्या कडीवरून, तावदानाच्या काचेवरून, तुंबलेल्या मोरीवरून आणि भिंतीला आलेल्या ओलीवरून. रक्कम लहान, म्हणून ती कोणी आधी ठरवीत नाही. आणि आधी ठरविलेली नसते, म्हणूनच त्या लहान रकमेचे मोठे भांडण होते.

भाड्याच्या घरातील किरकोळ दुरुस्तीचा खर्च कोणी करावा, हा तो प्रश्न. या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी राहिलो आहे. १९७९ पासून एकवीस वर्षे मी या इंदूर शहरात बिऱ्हाडकरू होतो, आणि त्यानंतर स्वतःचे घर झाल्यापासून त्याचा वरचा मजला भाड्याने देत आलो आहे. बिऱ्हाडकरू होतो तोवर प्रत्येक दुरुस्ती मालकाचीच, असे माझे ठाम मत होते. मालक झालो आणि ते मत एका रात्रीत बदलले. तेव्हा माझ्या बोलण्यात कोठे एका बाजूचा पक्षपात दिसला, तर दुसऱ्या बाजूचाही मी तितकाच केलेला आहे, असे समजून क्षमा करावी.

प्रथम एक हकीकत सांगतो. १९८१ सालची ती गोष्ट. लग्न होऊन वर्ष झाले होते. रामबागेत एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, न्हाणीघर आणि पुढे लाकडी कठड्याची गॅलरी, असे आमचे बिऱ्हाड होते. भाडे दरमहा १५० रुपये. खाली घरमालकीणबाई राहत. साठी उलटलेल्या, एकट्या. यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली. आमच्या आणि मागच्या अंगणातील एका बिऱ्हाडाच्या भाड्यावर त्यांचा चरितार्थ चाले. आम्ही त्यांना काकू म्हणत असू आणि त्या माझ्या पत्नीला सूनबाई म्हणत. लोणच्याची बरणी वर येई, रिकामी बरणी खाली जाताना तिच्यात काहीतरी घालून जाई. असे ते घरोब्याचे दिवस होते.

त्या वर्षी ज्येष्ठाच्या सुमारास न्हाणीघरातील तोटी गळू लागली. नर्मदेचे पाणी शहरात येऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. जलूदहून सत्तर किलोमीटर वाटचाल करीत वर चढविलेले ते पाणी. त्याचे अप्रूप अजून ओसरले नव्हते, आणि ते असे मोरीत वाहून जाताना पाहून वाईटही वाटे. मी खाली जाऊन म्हणालो, "काकू, न्हाणीघरातली तोटी गळते आहे. जरा माणूस पाठवून द्या."

काकू गहू निवडीत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "वायसर गेला असेल. वापरता तुम्ही, तर तो तुम्हीच घालून घ्यायचा. आधीचं बिऱ्हाड घालून घेत असे."

हे 'आधीचे बिऱ्हाड' मला झोंबले. सगळे काम पाच-सात रुपयांचे. पण मी वर येऊन पत्नीला सांगितले, की प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. श्रोतेहो, पुढच्या आयुष्यात माझ्या असे ध्यानात आले आहे, की प्रश्न पैशाचा नाही असे माणूस आवर्जून सांगू लागला, की तो बहुधा पैशाचाच असतो. मी तोटीखाली बादली ठेवली. रात्री थेंबांचा आवाज होऊ लागला, तेव्हा पत्नीने तोटीला चिंधी बांधली. चिंधीवरून पाणी निमूटपणे बादलीत उतरू लागले. सकाळी बादली अर्धी भरलेली असे. कधी ती कलंडे, कधी भरून वाहे. मी तोटी अंगातल्या सगळ्या जोराने आवळीत असे आणि दोन दिवस ती गळायची थांबे. मग अधिकच गळे. काकूंनी माणूस पाठविला नाही आणि मीही आणला नाही. असे अडीच महिने गेले.

गणपतीच्या आठ दिवस आधी काकूंनी मला खाली बोलाविले. आमच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली त्यांची कोठीची खोली होती. वर्षाचे गहू उन्हाळ्यात घेऊन साठविण्याची आपल्याकडे माळव्यात रीतच आहे. काकूंचे गहूही तेथेच भिंतीला लावलेल्या पोत्यांत होते. छताच्या चुन्याचा सुपाएवढा पोपडा पोत्यांवर कोसळला होता. वरची लाकडी कडी ओलीने काळी पडली होती. भिंतीवरून उतरलेले पाणी दोन पोत्यांत शिरले होते आणि गव्हाला बुरशी येऊन त्याचे गठ्ठे झाले होते. काकूंनी ते माझ्यापुढे धरले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "वायसर मीच घालून घ्यायला हवा होता."

ते वाक्य वास्तविक मी बोलावयाचे होते. मी बोललो नाही. गवंडी आणि सुतार मिळून सहाशे चाळीस रुपये झाले, गव्हाचे वेगळे. चार महिन्यांच्या भाड्याहून ही रक्कम अधिक होती. त्यांनी माझ्याकडे पैसा मागितला नाही, आणि मी देऊ केला नाही. कारण देऊ केला असता तर तत्त्व सोडल्यासारखे झाले असते. त्या वर्षी कार्तिकीला पंढरपूरला जाण्याचे त्यांचे ठरले होते. त्या गेल्या नाहीत. का, ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. पुढे लोणच्याची बरणी वर आली, पण माझ्याने तिच्यातले लोणचे मोकळ्या मनाने खाववले नाही.

'दोन घरचा पाहुणा उपाशी' अशी आपल्याकडे म्हण आहे. या घरची मंडळी समजतात, तो त्या घरी जेवला असेल. त्या घरची समजतात, या घरी. भाड्याच्या घरातील किरकोळ दुरुस्ती ही अशीच दोन घरची पाहुणी आहे. छप्पर कोसळले तर मालकाला ते पाहावेच लागते, आणि बिऱ्हाडकरूच्या हातून आरसा फुटला तर तो मुकाट्याने दुसरा आणतो. या दोहोंच्या मध्ये जे पडते, त्याला वाली नसतो. आणि ज्याला वाली नसतो ते वाढत जाते.

आता कायदा याविषयी काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा अजून चालू आहे. त्याचे १०८ वे कलम मालक आणि भाडेकरू यांचे हक्क आणि कर्तव्ये सांगते. घर ज्या स्थितीत ताब्यात मिळाले तशाच चांगल्या स्थितीत भाडेकरूने ते राखावे आणि परत करावे. मात्र वाजवी वापराने होणारी झीज आणि ज्याच्यापुढे माणसाचा इलाज चालत नाही अशी आपत्ती, एवढे त्यातून वगळावे, असे त्यात आहे. मालकाने घर पाहून एखादा दोष कळविला आणि तो भाडेकरूच्या कृतीने किंवा हयगयीने झालेला असला, तर त्याने तो दुरुस्त करून द्यावा, असेही कर्तव्य त्याच्यावर आहे. उलट, जी दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक आहे ती त्याने कळवूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, अशी मुभा आहे.

एवढे ऐकून दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचे वाक्य उचलतील. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, हे सारे दोघांमध्ये वेगळा करार नसेल किंवा त्या ठिकाणचा रिवाज वेगळा नसेल, तरच लागू होते. म्हणजे करार प्रथम, आणि रिवाजालाही मान आहे. काकूंनी 'आधीचे बिऱ्हाड घालून घेत असे' म्हटले, ते अगदीच हवेतले नव्हते. दुसरी गोष्ट अशी, की मालकावर बंधनकारक असलेल्या दुरुस्त्या कोणत्या, याची यादी त्या कलमात नाही. कायदा दारापर्यंत येतो. पण न्हाणीघरात शिरत नाही.

पुढे राज्याराज्यांतून भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. मध्य प्रदेशात १९६१ साली जो असा कायदा झाला, त्यात घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याचे बंधन स्पष्टपणे मालकावर घालण्यात आले. लेखी सूचना देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. मात्र वर्षभरात ही कपात वर्षाच्या भाड्याच्या बाराव्या हिश्शाहून, म्हणजे एका महिन्याच्या भाड्याहून, अधिक होऊ नये, असे त्यात ठरले. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात पंधरा दिवसांची सूचना आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची मर्यादा आहे. बेळगाव, बडोदे, हैदराबाद, गोवे येथील श्रोत्यांनी आपापल्या राज्याचा कायदा पाहावा. आकडे निराळे असतील. पण पुणेकर मेहुण्याचा कायदा इंदुरात किंवा बेळगावात चालत नाही, एवढे विसरू नये.

अगदी लहानसहान गोष्टींची यादी केंद्र सरकारच्या आदर्श भाडेकरार कायद्याने केली आहे. २ जून २०२१ रोजी मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच तो त्या राज्यात लागू होतो. पण त्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे, ते प्रत्येकाने वाचण्यासारखे आहे. भाडेकरूने केलेले नुकसान सोडून घराच्या बांधणीची दुरुस्ती, भिंतींना चुना, दारेखिडक्यांना रंग, गरज पडेल तेव्हा पाण्याचे नळ बदलणे आणि विजेच्या तारांचे काम, ही मालकाची. तोटीचा वायसर आणि तोटी, मोरीची सफाई, शौचकूप आणि हात धुण्याचे भांडे यांची दुरुस्ती, गीझर, विजेची बटणे, कड्याकुलपे, खिडक्यांच्या काचा आणि जाळ्या, ही भाडेकरूची. करारात वेगळे लिहिले असेल तर तो करार चालतो. मालकाने आपली दुरुस्ती नाकारली तर भाडेकरूने ती करून भाड्यातून कापावी, पण कोणत्याही एका महिन्यात निम्म्या भाड्याहून अधिक कापू नये. आणि भाडेकरूने नाकारली तर मालकाने ती करून अनामत रकमेतून वळती करावी, असा दोन्हीकडे सारखा न्याय त्यात आहे.

म्हणजे या यादीने पाहिले तर १९८१ साली काकूंचे बरोबर होते. वायसर माझाच होता.

परंतु श्रोतेहो, यादीने सगळे मिटत नाही. ती तोटी मी पुढे एका जुन्या नळकारागिराकडून उघडवून घेतली, तेव्हा त्याने जे दाखविले ते मला कलमांहून अधिक उपयोगी वाटले आहे. आवळण्याच्या जुन्या तोटीत खाली पितळेची एक बैठक असते आणि तिच्यावर रबराचा वा चामड्याचा वायसर दाबून बसतो. तो दाब पाणी अडवितो. रोज उघडझाप करून वायसर झिजतो. ही झाली वापराची झीज. पाण्यातील क्षार वर्षानुवर्षे पितळेच्या बैठकीवर बसतात, तिला खडबडीत करतात आणि मग नवा वायसरही महिन्यात कापला जातो. ही झाली वयाची झीज. त्यात आज राहणाऱ्याचा दोष नाही. आणि तिसरे, गळते म्हणून अंगातल्या जोराने तोटी आवळली, की वायसर फाटतो आणि बैठकीवर चरा पडतो. ही झाली चूक, आणि ती निखालस माझी होती. कारागिराने तोटी माझ्या हातात ठेवली आणि म्हटले, "बाबूजी, आता वायसरने भागायचे नाही. तोटीच बदलावी लागेल."

एका तोटीत तिन्ही गोष्टी होत्या. तेव्हापासून कोणतीही दुरुस्ती निघाली, की मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. हे हाताच्या रोजच्या वापराने झिजले काय? तर ज्याचा हात, त्याचा खर्च. हे वस्तूच्या किंवा घराच्या वयाने झाले काय? तर ज्याचे घर, त्याचा खर्च. हे कोणाच्या हयगयीने झाले काय? तर ज्याची हयगय, त्याचा खर्च; मग तो मालक असो वा बिऱ्हाडकरू. कळूनही न कळविणे आणि कळवूनही न करणे, ही दोन्ही हयगयच आहे, हे मी काकूंच्या कोठीत शिकलो.

या तीन प्रश्नांनी पुष्कळ भांडणे उलगडतात. आपल्या माळव्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर पाया नीट घातलेला नसला, की भिंतींना तिरप्या भेगा जातात. कित्येक मालक ती भेग दाखवून म्हणतात, तुम्ही खिळे ठोकलेत म्हणून भिंत गेली. खिळ्याने खिळ्याएवढे भोक पडते. दाराच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत जाणारी भेग खिळ्याची नव्हे, जमिनीची असते आणि ती मालकाची आहे. उलट, मोरीत भाताची शिते आणि चहाचा चोथा रोज जात असेल आणि मोरी तुंबत असेल, तर नळी अरुंद घातली आहे असे म्हणून मालकाला बोल लावण्यात अर्थ नाही. तीन वर्षांत रंग फिका पडला, ही झीज आहे. मुलाने भिंतीवर रेल्वेगाडी काढली, ही झीज नव्हे. घर सोडताना अनामत रक्कम अडते ती याच जागी. झीज आणि नुकसान यांतला फरक मालकाला दिसत नाही आणि बिऱ्हाडकरूला तो पाहावयाचा नसतो.

दुसऱ्या देशांतही लोकांना हाच प्रश्न पडला आहे. माझा एक भाचा जर्मनीत नोकरीला आहे. त्याचा भाडेकरार मी कुतूहलाने वाचून घेतला. तेथे घर नीट राखणे हे मुळात मालकाचे कर्तव्य मानतात. किरकोळ दुरुस्तीचा खर्च भाडेकरूवर टाकावयाचा असेल तर तसे करारात लिहावे लागते, आणि लिहूनही तीन अटी पाळाव्या लागतात. एका दुरुस्तीला रकमेची मर्यादा हवी, वर्षाच्या एकूण खर्चाला मर्यादा हवी, आणि ती वस्तू भाडेकरूच्या हाताखाली वारंवार येणारी हवी. तोटी, बटण, खिडकीची मूठ अशी. भिंतीच्या पोटातील नळी फुटली तर ती कितीही स्वस्तात दुरुस्त होवो, भाडेकरूची नव्हे. कारण तिला त्याचा हात लागत नाही. आमच्या कारागिराचा हाताचा नियम आणि जर्मनांचा नियम एकच निघाला, याची मला गंमत वाटली.

आता हे व्यवहारात कसे आणावे? आपल्याकडे अकरा महिन्यांचे छापील करारपत्र घेण्याची पद्धत पडली आहे. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळण्यासाठी हे अकरा महिने. त्या करारपत्रात दुरुस्तीविषयी एक तर अवाक्षर नसते, नाही तर 'सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावी' असे एकच वाक्य असते. पहिल्यात भांडणाला जागा राहते आणि दुसऱ्यात अन्यायाला. त्याऐवजी चार ओळी हाताने लिहिल्या तरी पुष्कळ काम होते.

पहिली ओळ ही, की अमुक रकमेपर्यंतची आणि हाताखालच्या वस्तूंची दुरुस्ती राहणाऱ्याने करावी, तीवरची मालकाने. ती रक्कम भाड्याच्या मानाने ठरवावी. दुसरी, वर्षभरात राहणाऱ्यावर असा किती भार पडावा त्याची मर्यादा. तिसरी, बिघाड दिसल्या दिवशी कळवावयाचे, आणि कळल्यावर किती दिवसांत माणूस यावा तो आकडा. चौथी, घर ताब्यात घेताना कोणती वस्तू कोणत्या स्थितीत होती आणि किती जुनी होती, त्याची यादी. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. दोघांनी मिळून खोलीखोलीतून फिरत छायाचित्रे काढावीत आणि एकमेकांना पाठवावीत. आम्ही रामबागेत राहावयास गेलो तेव्हा अशी सोय नव्हती, पण कागद आणि पेन्सिल होती. ती आम्ही वापरली नाही, कारण घरोब्यात लिहून काय घ्यावयाचे, असे दोघांनाही वाटले. श्रोतेहो, लिहून घेतल्याने घरोबा जात नाही. न लिहिल्याने तो जातो, हे मी पाहिले आहे.

यादीशिवाय आणखी दोन पथ्ये सांगतो. वीज आणि पाणी यांचा बिघाड असेल तर खर्च कोणाचा ही चर्चा दुरुस्तीनंतर करावी, आधी नव्हे. पावती ठेवावी, बदललेला जुना भाग फेकू नये, तो मालकाला दाखवावा; संशयाला तेवढे औषध पुरते. आणि मोठ्या कामाच्या बाबतीत मात्र याच्या उलट करावे. तेथे आधी लेखी कळवावे, वाजवी दिवस वाट पाहावी आणि मगच हात घालावा. कायद्याने भाड्यातून कापण्याचा हक्क दिला आहे तो कळविणाऱ्याला. न कळविता भाडे कापणाऱ्याला तो नाही. मालकांनीही हे समजून घ्यावे, की बिऱ्हाडकरू बिघाड सांगावयास येतो तेव्हा तो तक्रार घेऊन येत नाही, तो आपल्या घराची बातमी घेऊन येतो. ती न सांगता मुकाट्याने बसणारा बिऱ्हाडकरू फार महाग पडतो. मी स्वतः तसा एक होतो.

शेवटी, मागच्या हिवाळ्यातील एक प्रसंग सांगून आपला निरोप घेतो. माझ्याकडे वरच्या मजल्यावर खांडव्याकडचा एक तरुण आणि त्याची पत्नी राहतात. दोघेही संगणकाच्या कचेरीत जातात. घरात आमच्याकडे नर्मदेच्या पाण्याला बोरिंगच्या पाण्याची जोड आहे; ते पाणी जड, क्षारांचे. एका सकाळी तो खाली आला आणि म्हणाला, "अंकल, गीझर चालत नाही."

माझ्या तोंडावर उत्तर आले होते, "वापरता तुम्ही." ते ओठापर्यंत येऊन थांबले. ते माझे नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी गहू निवडता निवडता कोणी दिलेले होते, आणि त्याच्या प्रत्युत्तरात मी जे केले तेही मला आठवले. मी त्याच दिवशी कारागिराला बोलाविले. गीझर उघडला तर आतल्या तापणाऱ्या नळीवर क्षारांचा बोटभर थर. गीझर अकरा वर्षांचा. हे जोडपे येऊन पाच महिने झालेले. त्या आदर्श कायद्याच्या यादीत गीझरची दुरुस्ती भाडेकरूच्या रकान्यात आहे. पण अकरा वर्षांचा थर पाच महिन्यांच्या माणसाकडून खरवडून घ्यावा, असे कोणती न्यायबुद्धी म्हणेल? नवी नळी मी घातली. दर वर्षी तो आतून साफ करून घेण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले. आमच्या करारपत्राच्या मागे आम्ही तसे दोन ओळींत लिहिले आणि खाली दोघांनी सही केली. एवढ्याला दहा मिनिटे लागली.

काकू आज नाहीत. तो वाडाही नाही. तेथे आता चार मजल्यांची इमारत उभी आहे. ते सहाशे चाळीस रुपये माझ्याकडे राहिले ते राहिलेच. ते कोणाला द्यावयाचे हे आता ठरविता येत नाही. म्हणून ज्यांच्या काकू अजून खालच्या मजल्यावर आहेत, आणि ज्यांच्या न्हाणीघरात आज रात्री तोटी गळत असेल, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. उद्या सकाळी वायसर घाला. हिशेब दुपारी करता येईल.